दादाच्या शर्टांची गोधडी

चौल
१० डिसेंबर २०२४

ती. वहिनींस,
आश्लेषाचा नमस्कार.

सोबतच्या खोक्यात राहीची गोधडी आहे. तिच्या वाढदिवसाच्या आत नाशिकला पोचायला हवी म्हणून अलिबागला स्वतः जाऊन कुरियर करतेय. मिळाली की कळवा.

इकडे सगळे बरे आहोत. वाडीत सुपारीची सोलणी सुरू आहे. अंगणभर सालं पडलीत आणि ह्यांची बोटं तांबडी झालीत. मी त्यातली सालं उकळून रंग काढते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. यंदा रंग छान चढलाय, अगदी कातासारखा. दत्ताची यात्रा चार दिवसांवर आली. भोवाळ्याच्या वाटेवर पाळणे लागले, मिठाईवाले आले. यात्रेतल्या काही दुकानदारांनी यंदा माझ्याकडून कापडी पिशव्या घेतल्या. शिवाय हरिहरेश्वरला विनेश म्हणून एकजण आहे. त्याचं पाहुण्यांना उतरायचं घर आहे, नाताळात ते भरतं. त्यानेही एक मोठी मागणी दिली होती. त्यामुळे नोव्हेंबर कसा गेला ते कळलंच नाही. पडवीत जुन्या कपड्यांचे ढीग, मी मशीनवर आणि केसर कात्री घेऊन खाली. केसरबद्दल तुम्हाला मागे सांगितलं होतं ना, आतल्या गावातून रोज एसटीनं येते ती. तिच्यासारखं कापड कापणारं माझ्या बघण्यात कोणी नाही. चिंधीसुद्धा वाया घालवत नाही. उरलेल्या चिंध्यांची पायपुसणी होतात, त्यातूनही उरेल ते उशीत जातं. वर्षभरात विकत आणला तो फक्त दोरा.

गोधडीविषयी. आत जुन्या सुती साड्यांचे तीन थर आहेत. वरचे चौकोन मशीनवर जोडले, पण सगळा धावदोरा हातानं घातलाय. पहिल्यांदा धुताना थंड पाण्यात भिजवा, पिळू नका, सावलीत वाळवा. खिसे कुठेच ठेवले नाहीत. अंगाखाली टोचतात.

शर्ट कापताना कसं वाटलं ते विचारू नका.

राहीला माझे आशीर्वाद. एकविसावं लागलं म्हणजे मोठीच झाली. तिला म्हणावं, आत्यानं टाके जरा घाईत घातलेत, सांभाळून घे.

कळावे,
तुमचीच
आश्लेषा


चौल
८ जानेवारी २०२५

ती. वहिनींस,
नमस्कार.

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. उत्तराला उशीर झाला, रागावू नका. तुमचं अक्षर बघून पोस्टमननेही विचारलं, “शाळेतल्या बाई का हो?” म्हटलं, हो, माझ्या वहिनी, मराठी शिकवतात. फोनवरचं बोलणं टिकत नाही असं तुम्ही म्हणता, ते खरंच आहे. पण कधी कधी न टिकलेलं बरं, असंही वाटतं.

इथे थंडी चांगली पडलीय. वालाच्या शेंगा भरल्यात, घराघरांत पोपट्या लागताहेत. परवा आमच्या वाडीतही मडकं लावलं होतं. भांबुर्डीचा पाला घालून शेंगा, बटाटे, अंडी. ह्यांनी चार माणसं बोलावली होती. दादा असता तर मडकं फोडायला तोच पुढे झाला असता. मला काही खाववलं नाही, पित्त झालं होतं.

केसर सध्या येत नाही. तिच्याकडे वालाचं काम आहे.

राहीला गोधडी आवडली हे वाचलं. रोज तीच घेऊन झोपते, “हिला बाबाचा वास येतो” म्हणते, आणि तुम्हाला धुवायला देत नाही, हेही वाचलं. वहिनी, धुवा हो ती. सुती कापड आहे, धुतल्याशिवाय फार दिवस राहू नये. माझं नाव सांगून धुवा.

तुमच्या शाळेतल्या ज्या बाईंचे यजमान दिवाळीत गेले, त्यांना माझा पत्ता देऊ का म्हणून विचारलंत. नका देऊ. सध्या मी तसलं काम घेत नाही. पिशव्याच खूप आहेत. आणि कृपा करून माझं कौतुक कुणापुढे करू नका. “आश्लेषानं माझ्या लेकीला तिचा बाप परत दिला,” हे वाक्य तुम्ही त्या बाईंजवळ बोललात, आणि मला लिहूनही पाठवलंत. ते मी एकदाच वाचलं.

आता खिशाचं. एखादा खिसा उरला असला तर पाठव, त्यात दादाचा चष्मा ठेवीन, असं तुम्ही लिहिलंय. त्या खिशांची हकीकत तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. फळ्याखाली पडलेला खडू उचलायला वाकला की दादाचा चष्मा पडायचा. म्हणून दर मे महिन्यात तो त्या वर्षीचे नवे शर्ट घेऊन चौलला यायचा आणि मी प्रत्येक खिशाच्या आत दुसरा खिसा शिवायची. “माझ्या बहिणीनं मला चोरखिसा दिलाय,” असं तो वर्गात मुलांना सांगायचा म्हणे.

शोधते. कुठेतरी असेल. जरा वेळ द्या.

ह्यांचा नमस्कार. राहीला आशीर्वाद.

तुमचीच,
आश्लेषा


चौल
२७ जानेवारी २०२५

वहिनी,

हे पत्र राही कॉलेजला गेली की वाचा.

ती गोधडी दादाच्या शर्टांची नाही.

पहिल्या ओळीत लिहायचं असं ठरवूनच बसले होते, कारण खुशाली लिहायला लागले की मी पुन्हा सुपारीवर नि थंडीवर जाते. आता बाकीचं सांगते.

तुम्ही सप्टेंबरात दादाचे शर्ट तुमच्या निळ्या चादरीत बांधून पाठवलेत. ते गाठोडं मी पडवीतल्या फळीवर ठेवलं. उद्या सोडू, परवा सोडू करत नवरात्र गेलं, दिवाळी गेली. नोव्हेंबरच्या शेवटी पिशव्यांची घाई होती. विनेशचा फोन आला होता, त्याला पंचवीस पिशव्या जास्त हव्या होत्या आणि गाडी दुसऱ्याच दिवशी येणार होती. शर्टाच्या पिशव्या पाहुण्यांना फार आवडतात, पुढे तयार खिसा मिळतो म्हणून. मी फोनवर असताना केसर ते गाठोडं घेऊन पुढे आली. म्हणाली, “ताई, ह्ये पन घेऊ का कापाया?” मी बोलता बोलता हातानंच म्हटलं, घे. ती आणखीही काहीतरी म्हणाली. ते मी ऐकलं नाही. नंतर तिनंच सांगितलं, ती म्हणत होती, “ह्यांना आत आनिक येक खिसा हाय, गिऱ्हाइकाला आवडंल.”

त्या दिवशी मी आत बसून नाड्या शिवत होते. पडवीतल्या मशीनवर केसरच होती. दुसऱ्या दिवशी विनेशची गाडी येऊन पिशव्या घेऊन गेली. त्यानंतर दोन दिवसांनी राहीच्या वाढदिवसाची आठवण झाली आणि मी मनाचा हिय्या करून फळीकडे गेले. तिथे तुमची चादर होती. धुऊन, घडी घालून ठेवलेली. केसरनंच धुतली होती.

मी तिला काय काय बोलले ते लिहवत नाही. “डोळे फुटले होते का” असंही म्हटलं. तिनं फक्त एकदा सांगितलं, “ताई, तुमाला इचारलं मी.” मी म्हटलं, मला काही विचारलं नाहीस. तिनं माझ्याकडे पाहिलं, पिशवी उचलली आणि गेली. वालाचं काम वगैरे मी तुम्हाला लिहिलं ते खोटं. ती त्या दिवसापासून आली नव्हती.

विनेशला फोन केला तर तो खूश. म्हणाला, “काकी, तुमच्या खिसेवाल्या पिशव्या सगळ्यात आधी गेल्या. अजून पाठवा.” मला वाटलं, संपलं.

मग मी दुसरे शर्ट घेतले. लोक देतात त्या ढिगातले. दादा कसल्या चौकटी घालायचा ते मला पाठ आहे. निळ्यावर पांढरी, राखाडीवर काळी, ती एक पिवळट. शोधून शोधून जुळवले. एक चौकट फार गडद होती, ती उन्हात घालून फिकी केली. हे एकदा म्हणाले, “वहिनींना फोन करून सांग, चूक झाली. माणसाकडून होते.” मी म्हटलं, वाढदिवस होऊ दे. आणि वास, वहिनी. दादा चंदनाचा जो साबण वापरायचा तो मी अलिबागहून आणला, किसून कोमट पाण्यात घातला आणि गोधडी पुरी झाल्यावर रात्रभर त्यात भिजवली. राहीला जो वास येतो तो मी लावलाय. हे करताना मला लाज वाटली नाही. उलट चांगलं जमलं म्हणून बरं वाटलं होतं.

लाज तुमच्या पत्रानंतर वाटायला लागली. तरीही आणखी एक सांगते. तुम्ही खिसा मागितलात तेव्हा मी खरं सांगायला निघाले नाही. खिसा मिळवून खोट्यावर पांघरूण घालायला निघाले. एक खिसा मिळाला की झालं, वहिनी त्यात चष्मा ठेवतील, मग कोणाला काही कळायचं नाही. म्हणून मी हरिहरेश्वरला गेले. मुरूडपर्यंत एसटी, आगरदांड्याहून फेरीबोटीनं दिघी, पुढे टमटम. ह्यांना सांगितलं विनेशकडे हिशेबाचं काम आहे.

विनेशकडे कपाटात माझ्या पिशव्या थोड्या उरल्या होत्या. एकेक खिशात हात घालून बघितला. तीन मिळाल्या. आतला खिसा हाताला लागला तसा माझाच टाका ओळखू आला. मी उलटी टीप घालते ना शेवटी, तो टाका. पिशवी तशीच हातात धरून मी तिथेच खाटेवर बसले. विनेश घाबरला, पाणी आणलं. त्याला म्हटलं, ऊन लागलं.

एक खिसा हवा होता, तीन मिळाले होते. परत फिरायला हरकत नव्हती. पण विनेश म्हणाला, “त्यातल्या दोन मी देवळाच्या वाटेवर कोकिळामावशीला दिल्यात. हार-नारळाचं दुकान आहे तिचं.” मग मला राहवेना.

कोकिळामावशी सत्तरीच्या असतील. दुकानात एक पिशवी खिळ्याला टांगलेली होती, राखाडीवर काळी चौकट. दुसरी त्यांच्या मांडीवर. खिशात चाव्या, आतल्या खिशात गोळ्यांचं पाकीट. मी म्हटलं, “मावशी, ह्या पिशव्यांच्या शिवणीत खोट राहिलीय. मला परत द्या, नव्या दोन देते.”

त्यांनी पिशवी उलटीसुलटी करून पाहिली, ओढून पाहिली. “कुठं खोट हाय? नारळ भरून नेते मी रोज. न्हाय देनार.”

“चार देते मावशी.”

“दहा दे. मला हीच बरी. आतल्या खिशात गोळ्या ऱ्हातात, इसरत न्हाय मी.”

गिऱ्हाईक आलं, त्या हार बांधायला लागल्या. मी तिथेच उभी. गिऱ्हाईक गेलं तरी उभी. मग माझ्या तोंडून निघून गेलं, “माझ्या भावाचे शर्ट आहेत ते. तो गेला एप्रिलमध्ये. चुकून कापले गेले.”

त्यांनी मांडीवरची पिशवी दुकानातल्या पाटावर ओतली. चाव्या, गोळ्या, सुट्टे पैसे, तपकिरीची डबी. खिळ्यावरची काढली. दोन्ही झटकल्या, घडी घातली आणि माझ्या हातात दिल्या. “मग खोट हाय खोट हाय काय लावलंस मगाधरनं? भावाचं हाय म्हनायचं. कोन न्हाय म्हनतं?”

त्या चिडलेल्याही नव्हत्या. पुन्हा हार बांधायला लागल्या. मी नव्या पिशव्या पुढे केल्या तर म्हणाल्या, ठेव तिथं. मी पाटावर सांडलेले पैसे गोळा करायला वाकले, तर, “ऱ्हाऊ दे, मी बघते,” म्हणाल्या.

येताना फेरीबोटीवर मी पाचही पिशव्या मांडीवर घेऊन बसले होते. शेजारी पर्यटकांचं एक कुटुंब होतं. त्यातली बाई म्हणाली, “किती छान पिशव्या, कुठे मिळतात?” मी पिशव्या पदराखाली घेतल्या. उद्धट वाटले असेन.

दुसऱ्या दिवशी केसरच्या गावी गेले. ती खळ्यात शेंगा पसरत होती. मी म्हटलं, “केसर, तू विचारलं होतंस. मी हो म्हटलं होतं.” ती म्हणाली, “मला म्हाईत हाय ना.” मग शेंगा पसरता पसरता म्हणाली, “पन ताई, मला वाटाया लागलं व्हतं का मीच सपनात इचारलं.” वहिनी, दीड महिना त्या बाईनं स्वतःच्या डोक्यावर शंका घेतली. माझ्यामुळे. तिनं मला चहा दिला, मी प्यायले, पण ती कामाला कधी येणार ते विचारायचं धाडस झालं नाही.

तेव्हा केसरला दोष देऊ नका. तिचं नाव आलंय म्हणून मुद्दाम सांगतेय.

आता सगळ्यात अवघड ते राहिलंय. मी वर लिहिलं की फोनवर होते, हातानं ‘घे’ म्हटलं. ते खरं आहे. पण बघितलं नाही, असं मी लिहिलेलं नाही, आणि लिहू शकत नाही. मी बघितलं होतं. तुमची निळी चादर मला दुरून ओळखू येते. दोन महिने त्या फळीखालून जाताना मी मान वर करत नव्हते. गाठ सोडली की दादा गेला हे पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल, असं वाटायचं. केसरच्या हातात ती चादर दिसली, आणि मी हात हलवला, आणि फोनवर पिशव्यांचे रंग सांगत राहिले. त्या क्षणी मनात काय होतं ते मला नक्की सांगता येत नाही. पण कोणीतरी दुसऱ्यानं ते कापून टाकावं, मला बघायला लागू नये, असं काहीतरी होतं. नंतर केसरवर ओरडले ती ह्याचसाठी. हे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही.

पाच पिशव्या सोबत पाठवतेय. उसवल्या नाहीत. उसवायचा हक्क तुमचा. बाकीच्या कुठे गेल्या ठाऊक नाही. पुण्या-मुंबईच्या कुणाकुणाच्या घरी असतील, त्यात भाजी येत असेल. खिसे पाचही शाबूत आहेत. ज्यातल्या गोळ्या काढल्या त्या खिशाला औषधाचा वास राहिलाय. तो मी धुतला नाही. ह्या वेळी कशालाच हात लावला नाही.

राहीला सांगायचं की नाही, केव्हा, कसं, हे तुम्ही ठरवा. सांगितलंत तर माझ्या वतीनं सारवासारव करू नका.

माफी मागायची म्हणून पत्र लिहायला बसले होते. पण तुम्ही ती गोधडी बघून रडलात असं तुम्ही लिहिलं होतं, आणि त्यावर मी तुम्हाला ‘थंड पाण्यात धुवा’ असं लिहिलं. आता माफीचा शब्द कुठे ठेवू ते कळत नाही.

आश्लेषा


चौल
२४ फेब्रुवारी २०२५

ती. वहिनींस,
नमस्कार.

राही सुखरूप पोचली असं ती म्हणाली, म्हणजे तिचा मेसेज आला. तुमच्याकडून उत्तर नाही, आणि मी ते मागतही नाही. पण तुमची मुलगी इथे आली, एक रात्र राहिली, तेव्हा काय झालं ते तुम्हाला कळायला हवं. ती सगळं सांगेलच असं नाही.

मी पडवीत होते. रिक्षा थांबली, बघते तर राही, खांद्यावर मोठी पिशवी. न कळवता आली होती. पाया पडली नाही. “आत्या, पाणी दे,” म्हणाली. पाणी प्यायली आणि त्या पिशवीतून गोधडी काढून खाटेवर पसरली.

“सांग,” म्हणाली. “कुठला तुकडा कोणाचा?”

मी म्हटलं, सगळे मला माहीत नाहीत. लोक आणून टाकतात. ती म्हणाली, जेवढे माहीत आहेत तेवढे सांग. मग मी सांगितलं. हा पिवळट शर्ट अलिबागच्या एका दातांच्या डॉक्टरचा, त्यांच्या बायकोनं दिलेला. हा राखाडी आपल्या रेवदंड्याच्या तात्यांचा, पोस्टात होते, त्यांच्या सुनेनं कपाट आवरताना दिला.

“होते म्हणजे? वारले?”

“छे! रिटायर झाले. रोज संध्याकाळी खाडीवर फिरायला जातात.”

वहिनी, तिला एकदम हसू फुटलं. “म्हणजे दोन महिने मी एका जिवंत पोस्टमनला मिठी मारून रडत होते?” म्हणाली. हसत राहिली, मलाही हसायला आलं. आणि मग ती गोधडीत तोंड घालून रडायला लागली ते थांबेचना. मी जवळ गेले तर हातानं लांब राहायला सांगितलं. मी उंबऱ्यापाशी बसून राहिले.

रडून झाल्यावर तिनं विचारलं, “आणि वास?”

“मी लावला. साबणाचा.”

तिनं गोधडीचा काठ नाकाशी धरून पाहिला आणि म्हणाली, “आई म्हणायची मला नाही येत हिला बाबाचा वास. मी तिच्याशी त्यावरून भांडले. म्हटलं, तू विसरलीस त्याला.”

हे तुम्ही मला पत्रात लिहिलं नव्हतंत. माझ्या कौतुकाचं तेवढं लिहिलंत. तुम्ही बरोबर होतात, वहिनी. तुमच्या नाकाला माझा साबण फसवू शकला नाही, आणि त्याबद्दल तुमच्या मुलीनं तुम्हाला बोल लावला. माझ्या हातून घडलेल्या सगळ्यात मला आता हेच सर्वात वाईट वाटतं. मी ते तिला म्हटलंही. ती म्हणाली, “वाटू दे.” बरोबर बोलली.

संध्याकाळी केसर आली होती. हो, ती पुन्हा यायला लागलीय, मागच्या आठवड्यापासून, आपणहून. ती कोण हे राहीला कळलं. केसर पदर सावरत म्हणाली, “बाय, मीच कापलं त्ये.” राही म्हणाली, “मावशी, तुम्हाला कुठे माहीत होतं?” मग केसरनं तिला विचारलं, बाबा शिकवायचे काय? गणित, म्हटल्यावर म्हणाली, “तरीच. खिशाच्या शिवनीत खडूची पूड व्हती. मी झटकली.” राहीनं तिला त्या शर्टांबद्दल आणखी खूप काही विचारलं. कॉलर कशी झिजली होती, बटणं कुठली होती. बटणं केसरनं डब्यात काढून ठेवली होती, इतर बटणांत मिसळलेली. दोघी अंधार पडेपर्यंत डबा ओतून बटणं निवडत बसल्या. मी त्यात नव्हते. मी आत भाकऱ्या करत होते.

रात्री तीच गोधडी घेऊन झोपली. मी विचारलं, दुसरं पांघरूण देऊ का? म्हणाली, “तुझं पत्र आलं तेव्हा दोन दिवस बाहेर व्हरांड्यात टाकली होती. मग थंडी वाजली, आत घेतली. राहू दे.” ह्याचा अर्थ तिनं मला माफ केलं असा मी घेतलेला नाही. तिनं तसं म्हटलंही नाही.

सकाळी निघताना मात्र तिनं पिशवीतून एक पाकीट काढलं. वर्तमानपत्रात बांधलेलं. म्हणाली, “हे आईनं दिलंय. काल द्यायचं होतं. माझ्यानं दिलं गेलं नाही.” सोडलं तर दादाचा आकाशी शर्ट. बाह्या दुमडलेल्या, तो दुमडायचा तशाच.

राही म्हणाली, “बाकीचे पाठवले तेव्हा आईनं हा एकच ठेवून घेतला होता. आई म्हणाली, आत्याला सांग, मी तिच्याशी एवढ्यात बोलणार नाही. फोन करू नको म्हणावं. पण तिचाही भाऊ गेलाय. तिच्याकडे त्याचं काही नसेल.”

मग पायरी उतरता उतरता मागे वळून म्हणाली, “आणि हा कापायचा नाही, असंही सांगितलंय.”

वहिनी, तुम्ही मला खूप बोलाल, त्याची मी तयारी करून बसले होते. रोज दुपारी पोस्टमनची वाट बघताना मनात तुमची वाक्यं तयार करायची, त्यांना उत्तर न देण्याचीही तयारी ठेवायची. ह्याची तयारी नव्हती. तुमच्यापाशी एकच उरला होता, आणि तो तुम्ही मला दिलात, मी तुमचे सगळे घालवल्यावर. तो परत पाठवावा असं दोनदा वाटलं. मग वाटलं, हेही पुन्हा तेच होईल, दादाचं काही समोर आलं की फळीवर टाकायचं नाहीतर लांब धाडायचं. म्हणून ठेवला.

माजघरात खुंटीला लावलाय. येता-जाता दिसतो. पहिले दोन दिवस मला स्वयंपाकघरात जाताना मागच्या दारानं वळसा घालावासा वाटायचा, पण घातला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्यासमोर उभी राहून रडले, मोठ्यानं. दादा गेल्यापासून मी रडले नव्हते, हे बहुतेक तुम्हाला ठाऊक नाही. नाशिकला दहाव्याला मी सगळ्यांना चहा देत फिरत होते आणि लोक म्हणत होते, आश्लेषा किती खंबीर. परवाचं माझं रडणं ऐकून हे वाडीतून धावत आले, त्यांना वाटलं मी पडले की काय.

तुमचा निरोप पाळीन. फोन करणार नाही. पत्राला उत्तर नाही आलं तरी वर्षातून एकदोनदा लिहीन, ते न उघडता ठेवलंत तरी चालेल. तुम्ही कधी बोलावलंत तर येईन, आणि नाही बोलावलंत तर का, हे मला विचारावं लागणार नाही.

‘तुमचीच’ असं लिहून सही करायची सवय आहे. ह्या वेळी तो शब्द तुम्ही परत द्याल तेव्हाच लिहायचा असं ठरवलंय.

दादाची बहीण,
आश्लेषा